तंजावरचे मराठी अवशेष : दगड आणि दफ्तर

तंजावरास जाणाऱ्या मराठी मनुष्याची फेरी बहुधा ठरलेली असते. बृहदीश्वराचें देऊळ पाहावें, राजवाड्यांतील दरबार पाहावा, सरस्वती महालाच्या दारावरून एक नजर टाकावी आणि संध्याकाळच्या गाडीनें तिरुचिरापल्ली गांठावी. एवढ्यानें नेत्रसुख मिळतें. परंतु जें पाहिलें तें कोणीं, केव्हां व कां उभारिलें याचा उलगडा होत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तंजावर व त्याच्या आसपासच्या कांहीं स्थळांचा परिचय करून देणार आहों, तो मुख्यतः जुन्या कागदांचा नाद असलेल्या वाचकांसाठीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, येथील दगड बोलके आहेत खरे, पण ते एका विशिष्ट वेळीं व विशिष्ट हेतूनें बोलूं लागले. त्यांची साक्ष घ्यावयाची तर तिची उलटतपासणी शेजारच्या दफ्तरांतूनच करावी लागते. सुदैवानें तें दफ्तर देवळापासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहे.

स्थळें पाहण्यापूर्वीं राज्याचा कालक्रम ध्यानांत असावा. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी (तिकडील कागदांतील एकोजी) यांनीं १६७५ च्या सुमारास नायकांच्या पाठीमागें तंजावर घेतलें. त्यांच्यामागें त्यांचे तीन पुत्र, शहाजी (१६८४ ते १७१२), सरफोजी (१७१२ ते १७२८) व तुकोजी (१७२८ ते १७३६), क्रमानें गादीवर बसले. मधल्या गोंधळानंतर प्रतापसिंह (१७३९ ते १७६३) व त्याचा पुत्र तुळजाजी (१७६३ ते १७८७) यांचा काळ येतो. त्यांतहि १७७३ ते १७७६ हीं तीन वर्षें राज्य अर्काटच्या नबाबाकडे होतें. तुळजाजीनें मृत्यूपूर्वीं दत्तक घेतलेल्या सरफोजीस बाजूस सारून अमरसिंह गादीवर बसला, १७९८ त इंग्रजांनीं त्यास दूर करून दुसऱ्या सरफोजीस बसविलें, आणि लगेच १७९९ च्या तहानें राज्याचा सर्व कारभार कंपनीनें आपल्याकडे घेतला. राजाकडे राहिला तो तंजावरचा किल्ला, सालीना एक लाख होन व वसुलाचा पांचवा हिस्सा. सरफोजी १८३२ त वारला. त्याचा पुत्र शिवाजी १८५५ त निपुत्रिक वारला आणि तेवढीहि गादी खालसा झाली.

यांतील १७९९ हें वर्ष वाचकानें मनांत पक्कें धरून ठेवावें. तंजावरांत आज जें जें ‘मराठी’ म्हणून दाखविलें जातें त्यांतील फार मोठा भाग या वर्षानंतरचा आहे. म्हणजे राज्य गेल्यानंतरचा.

बृहदीश्वराचें देऊळ राजराज चोळानें बांधिलें. विमानावर सोन्यानें मढविलेला कळस १०१० त चढला, आणि तशी नोंद देवळाच्याच लेखांत आहे. विमानाची उंची दोनशें फुटांहून अधिक असून १९८७ त युनेस्कोनें या देवळास जागतिक वारशांत स्थान दिलें. देवळाची सावली जमिनीवर पडत नाहीं व माथ्यावरील घुमट एकाच अखंड शिळेचा आहे, या दोन गोष्टी वाटाडे हटकून सांगतात. सावली कोणत्याहि सकाळीं डोळ्यांनीं पाहतां येते, आणि घुमट अनेक दगडांचा जोडलेला आहे. राजराजाचे लेख विमानाच्या जोत्यावर चोहोंकडे कोरलेले आहेत. हुल्श यांनीं ते गेल्या शतकापूर्वींच वाचून छापिले. त्यांतील मजकूर म्हणजे एका मोठ्या देवस्थानाचा ताळेबंद होय. कोणीं किती तोळे सोनें दिलें, कोणत्या गांवाचें किती भात यावें, देवळाच्या चाकरीस आणिलेल्या चारशें स्त्रिया कोणत्या आळींत राहाव्या, इतका तपशील तेथें आहे. प्रदक्षिणेच्या अंधाऱ्या वाटेंतील चोळकालीन भित्तिचित्रें नायकांच्या काळच्या रंगाखालीं झांकलीं गेलीं होतीं, तीं १९३१ त एस. के. गोविंदस्वामी यांनीं उजेडांत आणिलीं. हें सर्व पाहण्यासारखें आहेच, पण त्यावर अनेकांनीं लिहिलें असल्यानें आम्ही पुढें जातों.

आमच्या वाचकांनीं विमानाकडे पाठ करून नैऋत्येच्या बाजूस प्राकाराच्या ओवऱ्यांकडे जावें. तेथील भिंतीवर बाळबोध लिपींत मराठी मजकूर कोरलेला दिसेल, आणि तो संपतां संपत नाहीं. हाच सुप्रसिद्ध भोसले वंशचरित्राचा शिलालेख. काळ शके १७२५, डिसेंबर १८०३. दुसऱ्या सरफोजीच्या आज्ञेवरून बाबुराव चिटणिसानें मजकूर तयार केला. मराठींत यापेक्षां लांब शिलालेख नाहीं; जगांतील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना करितात. भोसले कुळाच्या उत्पत्तीपासून आरंभ करून मालोजी, शहाजी, शिवाजी महाराज, व्यंकोजी आणि त्यापुढील तंजावरचे राजे यांची कथा लेख सरफोजीपर्यंत आणून सोडतो. भाषा बखरीची आहे. म्हणजे वाक्य लांबतें, पराक्रम गातें व पुढील पुरुषाकडे वळतें. कागदावर लिहिलेली बखर पुष्कळांनीं पाहिली असेल, पण अख्खी बखर भिंतीवर कोरलेली पाहावयाची तर येथेंच आलें पाहिजे.

आतां प्रश्न असा कीं, तो लेख पुरावा म्हणून किती धरावा? आमच्या मतें येथें दोन टोकांस जाण्याची चाल पडली आहे. कोणी म्हणतात, दगडावर कोरलें तें प्रमाण. कागद बनावट करितां येतो, दगड नव्हे. दुसरे म्हणतात, सव्वाशें ते दोनशें वर्षांनंतर लिहिलेली कथा ती, तिला बखरीहून अधिक किंमत कां द्यावी? आम्हांस दुसरें म्हणणें अधिक बरोबर वाटतें, पण तेंहि अपुरें आहे. कोरण्यानें मजकुराचें वय वाढत नाहीं, हें खरें. शहाजीराजांविषयीं किंवा शिवाजी महाराजांविषयीं लेखांत जें आहे, तें १८०३ सालीं तंजावरच्या दरबारांत प्रचलित असलेल्या कुलकथेचें रूप होय. जेधे शकावलीसारख्या सालवार टिपणाशीं व समकालीन पत्रांशीं ताडून पाहिल्याविना त्यांतील एकहि तिथि उचलूं नये. उलट, तुळजाजी, अमरसिंह व खुद्द सरफोजी यांचा भाग हा डोळ्यांदेखतच्या घडामोडींचा आहे. तेथें चिटणिसास माहिती भरपूर होती. पक्षपात करण्याचें कारणहि तितकेंच भरपूर होतें.

तें कारण सालावरून उघड होतें. सरफोजी दत्तक होता. त्याचें दत्तविधान एकदां अशास्त्रीय ठरवून त्याला गादीपासून दूर ठेविलें होतें. गादी मिळाली ती इंग्रजांच्या हातून, आणि मिळाल्यावर थोड्याच काळांत राज्य गेलें. अशा राजानें चार वर्षांनीं आपल्या कुळाची आदिपुरुषापासूनची वंशावळ राज्यांतील सर्वांत मोठ्या देवालयाच्या भिंतीवर कोरविली. जेथें चोळांच्या राजानें आपलीं दानें व विजय कोरविले, त्याच आवारांत. हा योग आकस्मिक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. राज्याचा अधिकार कागदावरून पुसला गेल्यावर तो दगडावर लिहून ठेवण्याचा हा उद्योग होय, आणि त्या दृष्टीनें वाचल्यास लेखाचें मोल कमी न होतां वाढतें. शिवकालाचें साधन म्हणून तो दुय्यम. १८०३ च्या तंजावरचें साधन म्हणून पहिल्या प्रतीचा.

लेख प्रत्यक्ष वाचूं इच्छिणारांस दोन व्यावहारिक सूचना. पश्चिमेच्या भिंतीचें तोंड पूर्वेस असल्यानें तिच्यावर सकाळचा तिरपा उजेड पडतो, दक्षिणेच्या भिंतीवर तो पडत नाहीं. तिच्यासाठीं हातांत दिवा असावा व तो समोरून न धरतां बाजूनें धरावा, म्हणजे अक्षरांच्या खांचा उठून दिसतात. कागदी ठसा घेण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ती लागावी हेंच योग्य. अक्षरांत खडू किंवा कोळसा भरून वाचण्याची जुनी खोड आमच्यापैकीं कित्येकांस आहे. ती तेथें तरी आवरावी.

देवळापासून राजवाडा जवळच आहे. वाड्याचा मोठा भाग नायकांचा, त्यावर मराठ्यांनीं भर घातली. उंच मनोऱ्यासारखी शस्त्रशाळेची इमारत, घंटेचा बुरूज, संगीत महाल, रंगीत कमानींचा मराठा दरबार हीं तासाभरांत पाहून होतात. नायकांच्या दरबारांत आतां चोळकालीन कांस्यमूर्तींचें संग्रहालय आहे. त्यांतच इंग्रज शिल्पकार चँट्री यानें घडविलेला सरफोजीचा संगमरवरी पुतळा उभा आहे. मूर्ती पाहण्यास येणारे लोक या पुतळ्याजवळ थांबत नाहींत, आमच्या वाचकांनीं थांबावें.

वाड्याच्या आवारांतील सरस्वती महाल हें मात्र तासाभराचें काम नव्हे. नायकांच्या काळापासून चालत आलेला हा ग्रंथसंग्रह मराठी राजांनीं वाढविला, आणि सरफोजीनें तर त्यास आजचें रूप दिलें. १८२० ते १८२२ च्या काशीयात्रेंतहि त्याचा ग्रंथांचा शोध चालू होता. बहुसंख्य पोथ्या संस्कृत आहेत. त्यांखालोखाल तामीळ व मराठी, आणि मराठी हस्तलिखितांचीच संख्या तीन हजारांच्या घरांत जाते. तंजावर प्रांतांत रामदासी मठ होते व त्यांतील शिष्यशाखेनें पुष्कळ लिहिलें, त्यामुळें संतवाङ्मयाच्या शोधकास येथें जें मिळतें तें सातारा-परळीकडेहि सर्वच मिळत नाहीं. दुसऱ्या बाजूस पहिल्या शहाजीच्या नांवावर असलेलीं मराठी नाटकें येथें आहेत. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हें त्यांतील प्रसिद्ध. सांगलीस विष्णुदास भाव्यांचा प्रयोग १८४३ त झाला. त्याच्या सुमारें दीडशें वर्षें आधीं कावेरीकांठीं मराठी नाटक लिहिलें जात होतें. ही गोष्ट सरस्वती महालांतील पोथ्यांनीं सिद्ध केली, एरवीं कोणीं विश्वास ठेविला नसता.

आमच्या विषयास सर्वांत जवळची गोष्ट आणखी निराळी आहे. कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ त प्रसिद्ध केलें, तें तंजावरच्या पोथीच्या आधारें. जयराम पिंड्ये याच्या ‘पर्णालपर्वतग्रहणाख्याना’ची पोथीहि तेथलीच. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातींतील व आश्रयांतील काव्यें महाराष्ट्रांत दुर्मिळ झालीं, आणि त्यांच्या भावाच्या वंशजांच्या कपाटांत टिकलीं. आतां देवळाच्या भिंतीवरील लेख आठवावा. १८०३ सालीं चिटणीस दगडासाठीं शिवचरित्र रचीत होता, तेव्हां त्याहून सव्वाशें वर्षें जुनें व कितीतरी विश्वसनीय असें शिवचरित्र त्याच गांवांत बासनांत बांधून ठेविलेलें होतें. जो कोणी शिलालेखाचा मजकूर शिवभारताशीं ओळीनें ताडून पाहील, त्यास दरबारी स्मृति सव्वाशें वर्षांत कशी बदलते हें एकाच गांवांत बसून दिसेल. असें साधन दुसरीकडे आम्हांस ठाऊक नाहीं.

हा संग्रह राहिला कसा, हेंहि सांगण्यासारखें आहे. १८५५ त गादी खालसा करतांना कंपनीनें राजाची खाजगी मालमत्ताहि जप्त केली. राणी कामाक्षीबाई यांनीं मद्रासच्या वरिष्ठ न्यायालयांत दावा लावून जिंकला. परंतु १८५९ त प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल फिरविला. जप्ती ही राज्यसत्तेची कृति आहे, तीं न्यायालयाच्या कक्षेंत येत नाहीं, असें कारण दिलें. हा निवाडा कायद्याचे विद्यार्थी आजहि वाचतात. पुढें १८६२ त सरकारनें मेहेरबानी म्हणून मालमत्ता राण्यांस परत दिली. मध्यंतरीं जडजवाहीर व सामान विकलें-विखुरलें गेलें, पण पोथ्यांस गिऱ्हाईक नव्हतें, असा आमचा तर्क आहे. तंजावर येथें न्यायाधीश असलेल्या बर्नेल यानें संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत यादी केली, ती १८८० त छापली गेली, आणि तेव्हांपासून युरोपांतील पंडितांचे डोळे इकडे लागले. १९१८ त राजघराण्याच्या संमतीनें संग्रह सार्वजनिक झाला.

पोथ्यांची यादी झाली, छापली गेली. मोडी दफ्तराचें भाग्य तसें नव्हे. राजवाड्याच्या कारभाराचे शेंकडों रुमाल आहेत. त्यांत मुदपाखान्याचा रोजचा खर्च, वैद्यशाळेचीं टिपणें, छत्रांचे हिशेब, नाटकशाळांचे पगार, शिल्प्यांस दिलेला मुशाहिरा असें सर्व. सरफोजीच्या धन्वंतरी महालांतील नेत्ररोग्यांचीं टिपणें डोळ्यांच्या चित्रांसह उपलब्ध आहेत. तामीळ विद्यापीठानें (स्थापना १९८१) कांहीं मोडी कागदांचीं तामीळ भाषांतरें करून छापलीं. आम्हांस त्यांचें कौतुक वाटतें व थोडी लाजहि. मराठी कागद, मोडी लिपी, आणि त्यांचा उपयोग करावयाचा तर मराठी अभ्यासकानें तामीळ शिकावें अशी पाळी आली. तेथील मोडी तंजावरच्या वळणाची आहे, आणि पुणें दफ्तराच्या वळणास सरावलेला वाचक प्रथम अडखळतो. शब्दहि स्थानिक, तामीळ व तेलुगु नांवें मोडींत उतरतांना ओळखूं येत नाहींत. यासाठीं तंजावरांतच राहिलेल्या मराठी भाषिकांची मदत घ्यावी. त्यांची बोली आपणांस जुनी व चमत्कारिक वाटते, पण कागदांतील कित्येक शब्द त्यांच्या घरांत आजहि चालतात.

येथेंच एक लहान पुस्तक विसरूं नये. सरफोजीनें वाड्यांत छापखाना घातला व १८०६ त ‘बाळबोध मुक्तावळि’ नांवाचें इसापनीतीचें मराठी रूपांतर छापविलें. पुण्यास मराठी पुस्तक छापलें जाण्यापूर्वीं कित्येक वर्षें हें झालें. मराठी मुद्रणाचा इतिहास लिहितांना श्रीरामपूरच्या मागोमाग तंजावरचें नांव यावयास हवें; पुष्कळ वेळां तें येत नाहीं.

शिवगंगा कोटांतील १७७९ सालचें श्वार्ट्झ पाद्र्याचें देऊळ मोठें नाहीं. श्वार्ट्झ १७९८ त वारला. सरफोजीच्या बालपणीं यानेंच त्याचें रक्षण व शिक्षण केलें होतें. आंत फ्लॅक्समन याच्या हातची संगमरवरी पट्टी आहे. मरणशय्येवरील पाद्री व त्याच्याजवळ उभा असलेला तरुण राजा असें दृश्य. सरफोजीच्या इंग्रजी व इतर विद्या कोठून आल्या, हें पाहावयाचें तर येथें पंधरा मिनिटें द्यावीं.

शहराबाहेर निघालें कीं छत्रें लागतात. छत्र म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्र मिळून. तंजावरहून रामेश्वरास जाणाऱ्या वाटेवर मराठी राजांनीं अशीं अनेक छत्रें बांधिलीं व बहुतेकांस राजस्त्रियांचीं नांवें दिलीं. नीडामंगलम येथील यमुनांबा छत्र प्रतापसिंहाच्या काळचें. ओरत्तनाडूचें मुक्तांबा छत्र दुसऱ्या सरफोजीचें. मुक्तांबा ही त्याची प्रिय नाटकशाळा, लग्नाची राणी नव्हे. इमारतीच्या जोत्यास रथाचा आकार दिला असून दगडी हत्ती-घोडे ती ओढीत आहेत असा देखावा आहे. येथें यात्रेकरूंस अन्न, आजाऱ्यांस औषध, बाळंतिणींस आश्रय व मुलांस शाळा अशी सोय होती. १८०१ सालीं सरफोजीनें रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रांत छत्रांची व्यवस्था सविस्तर सांगून तीं आपल्याकडे राहूं द्यावीं अशी मागणी केली. आणि राज्य गमावलेल्या या राजास तेवढें मिळालें. म्हणून आम्ही छत्रांस शिलालेखाइतकेंच महत्त्व देतों. राजेपणाचीं दोन कामें त्याच्या हातीं उरलीं होतीं, वंश सांगणें आणि अन्न घालणें. पहिलें भिंतीवर आहे, दुसरें या पडक्या ओवऱ्यांत. इमारतींची अवस्था सर्वत्र सारखी नाहीं. कांहीं दुरुस्त झाल्या, कांहींच्या भिंतींतून पिंपळ निघाले आहेत. छत्रांचे जमाखर्च मोडी दफ्तरांत असल्यानें इमारत पाहून मग तिचा रुमाल मागावा. कोणत्या खोलींत काय चालत असे, हें हिशेबावरून पुष्कळ वेळां ओळखतां येतें.

शेवटचें स्थळ समुद्रकांठीं, शर्भेंद्रराजपट्टण येथें, तंजावरहून सुमारें साठ-पासष्ट किलोमीटरांवर. तेथें सरफोजीनें बांधिलेला षट्कोनी, अनेक मजली, सुमारें पाऊणशें फूट उंच बुरूज आहे. तामीळ लोक त्यास ‘मनोरा’ म्हणतात. आपलाच शब्द तेथें विशेषनाम होऊन बसला आहे. नेपोलियनचा पाडाव व इंग्रजांचा विजय यांच्या स्मरणार्थ तो उभारिला, असें त्यावरील लेख सांगतात, आणि ते मराठीसह पांच भाषांत आहेत. बहुतेक प्रवासवर्णनांत हा ‘वॉटर्लूचा मनोरा’ म्हणून येतो. पण इंग्रजी लेखावर साल १८१४ आहे. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजीं झाली. तेव्हां ज्या पाडावाचा उल्लेख आहे, तो १८१४ च्या एप्रिलांतील नेपोलियनचा पहिला राज्यत्याग असला पाहिजे. बांधकाम पुढील सालांत चाललें असेल व मागाहून लोकांनीं अधिक प्रसिद्ध लढाईचें नांव जोडलें असेल, हें संभवतें. लेख कोरतांना वॉटर्लू कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

मराठी लेख इंग्रजीचें भाषांतर आहे कीं स्वतंत्र, आणि त्यांत राजा स्वतःस कोणत्या शब्दांनीं संबोधितो, हें पाहण्यासारखें आहे. पांचहि लेखांचे छाप एकत्र ठेवून तुलना करणाऱ्यास एक चांगलें टिपण लिहितां येईल. त्यानें पट्टणास जातांना ओरत्तनाडूवरून जावें, म्हणजे छत्र वाटेंतच होतें. उन्हाळ्यांत निघूं नये. किनाऱ्यावर सावली नाहीं आणि लेख वाचण्यास उभें राहावें लागतें.